वस्तीवरच्या माउलीचं ऐकायचं कुणी?

(शेतकी विभागाकडून)



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्याची निगा असे विषय घेऊन येतो. या खेपेचा विषय वाचून काही मंडळी म्हणतील, 'उसाच्या साहेबाला हे कुणी सांगितलं?' त्याचं उत्तर सोपं आहे. ऊस नोंदीच्या निमित्तानं आम्हा शेतकी खात्याच्या माणसांचं वस्तीवस्तीवर जाणं होतं. फड बघायला गेलं की घरही दिसतं. ओसरीवर चहा येतो, तो आणून देणारी माउली दिसते. एकरी उतारा वाढला, पत्रा जाऊन स्लॅब आला, दारात ट्रॅक्टर उभा राहिला, आणि त्याच घरातली सून मात्र दर सालाला आणखी गप्प होत गेली, अशी घरं आमच्या पाहण्यात आहेत. ऊस विकास म्हणजे नुसता उसाचा विकास नव्हे, ऊस पिकवणाऱ्या घराचाही विकास, असं मी समजतो. म्हणून हा विषय.

सांगायची गोष्ट एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. गावातल्याच एखाद्या बाईनं थोडं शिक्षण घेऊन, खचलेल्या बाईजवळ नीट बसून तिचं ऐकलं, तर ती सावरू शकते. हे आता नुसतं चांगलं वाटणारं बोलणं राहिलेलं नाही. आपल्या महाराष्ट्रात, गोव्यात आणि बाहेरच्या देशांतही ते करून, मोजून पाहिलेलं आहे. अडतं ते एकाच ठिकाणी, घराच्या उंबऱ्याशी. तो उंबरा आपला आहे.

पोंगा वाळतो तेव्हा

खोडकिडीचा अनुभव आपल्याला आहे. अळी खोडात शिरते तरी बाहेरची पानं काही दिवस हिरवीच दिसतात. पुढं पोंगा वाळतो. तो ओढला की अलगद हातात येतो, आणि मग कळतं की आतलं आधीच पोखरलं गेलंय. मनाच्या दुखण्याचंही असंच आहे. 'माझं मन बरं नाही' असं आपल्याकडची बाई सहसा म्हणत नाही. ती म्हणते, डोकं ठणकतंय, कंबर धरलीय, हातापायाला मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, अंगावरून पांढरं जातं, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. मग सलाईन लावलं जातं, ताकदीचं इंजेक्शन होतं. तेवढ्यानं भागलं नाही तर 'बाहेरचं' बघितलं जातं, अंगारा होतो, लिंबू होतो. पैसा जातो, गुण येत नाही. शेवटी घरातलीच माणसं म्हणतात, 'सोंग करते.'

हे सोंग नसतं. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणं, पूर्वी आवडणाऱ्या कशातच गोडी न वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, काम न करताही थकवा येणं, सगळ्याचा दोष स्वतःला देत बसणं, जगण्यात राम नाही असं वाटणं, यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे. तांबेरा हा जसा उसाचा आळस नव्हे, तसं नैराश्य हा बाईचा आळस नव्हे.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी केली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. नवऱ्याकडून होणारी जबरदस्ती, वैधव्य किंवा नवऱ्यापासून वेगळं राहणं, घरातल्या निर्णयात शब्दाला किंमत नसणं आणि घरच्यांचा आधार नसणं, यांचा मनाच्या आजाराशी जवळचा संबंध त्यांना आढळला. अंगावरून पांढरं जाण्यासारख्या तक्रारींचाही संबंध आढळला.

पण म्हणून 'तुझं सगळं मनाचंच आहे' असं म्हणून बाईला परत पाठवू नये. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली. त्यांत १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोगाचं काही ना काही दुखणं निघालं, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ होत्या. म्हणजे शरीराचं दुखणंही खरं आणि मनाचंही खरं. दोन्ही बघायला हवीत.

वाड्यातली बाई आणि वस्तीवरची बाई

आमच्या नात्यातली एक मुलगी पुण्यात कसबा पेठेत वाढली. कसबा म्हणजे पुण्याची सगळ्यांत जुनी पेठ. कसबा गणपती तिथला, लाल महाल तिथला, तांब्याच्या भांड्यांवर हातोडे पडतात ती तांबट आळीही तिथलीच. तिचं माहेर आळीजवळच्या एका वाड्यात, दोन खोल्यांत. जागा अपुरी, नळ सामायिक, भांडणं रोजची. पण नळावर हंडा लावला की चार बाया भेटायच्या. कुणाकडं काय शिजलं आणि कुणाचं काय बिनसलं, हे जिना उतरेपर्यंत कळायचं. एखादी दोन दिवस खाली उतरली नाही तर शेजारीण कडी वाजवायची.

ही मुलगी आपल्या भागात बागायतदाराच्या घरी दिली. वस्तीवर ऐसपैस घर, घरात नळ, गॅस, गोठ्यात चार गाई. मी एकदा गेलो तेव्हा म्हणाली, "दादा, कशाला काही कमी नाही. पण बोलायला माणूस नाही. आडसाली ऊस डोक्यावर गेला की शेजारचं घरसुद्धा दिसत नाही." तिनं तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, सहज सांगितलं. पण मला ते विसरता आलं नाही.

बंधूंनो, याचा जरा विचार करा. पाट आला, विहिरी झाल्या, उपसा सिंचन योजना झाल्या आणि आपण गावठाण सोडून रानात राहायला गेलो. ते बरोबरच केलं. पाणी द्यायला, जनावरं सांभाळायला, पिकाची राखण करायला रानातच असावं लागतं. पण गावठाणातला पाणवठा, देवळाचा पार, जात्यावरची सोबत हे सगळं मागं राहिलं. पुरुषाला त्याची उणीव फारशी जाणवली नाही, कारण त्याला सोसायटी आहे, दूध डेअरी आहे, चहाचं हॉटेल आहे, कारखान्याची सभा आहे. बाईचं जग उंबरा, गोठा आणि बांध एवढ्यात मावलं. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस पंधरा-सतरा महिने उभा असतो. तेवढे दिवस घराच्या चारी बाजूंना हिरवी भिंतच म्हणा ना. रात्रपाळीची वीज आली की मालक मोटार चालू करायला जातो आणि ती लहान पोरं घेऊन एकटी. सासूशी पटलं तर ठीक, नाही पटलं तर मनातलं मनात. आता कसब्यातलेही वाडे पडून इमारती उभ्या राहताहेत, तिथली दारंही बंद व्हायला लागली. पण वस्तीवरच्या बाईला शेजारची कडी वाजवायची म्हटलं तरी शेजार अर्ध्या मैलावर असतो.

हे आकडे वाचाच

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आपण बोलतो, सभेत ठराव करतो, आणि ते केलंच पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ साली देशात शेतीवर जगणाऱ्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, १०,८८१ जणांनी आत्महत्या केली. त्याच अहवालात त्याच वर्षी आत्महत्या केलेल्या गृहिणींची संख्या २३,१७८ आहे. दुपटीहून अधिक. ही संख्या शहर आणि खेडं दोन्हींची आहे. खेड्यात यांतल्या किती जणी घरकामाबरोबर रानातही राबत होत्या, हे अहवालाच्या रकान्यात दिसत नाही. तिथं त्या फक्त 'गृहिणी' आहेत.

असं काही घडलं की गावात बोललं जातं, 'पोटात दुखत होतं म्हणून केलं.' तेवढ्यावर विषय मिटतो. पोटात काय दुखत होतं, किती दिवस दुखत होतं, कुणी विचारलं होतं का, हे प्रश्न मिटत नाहीत.

जामखेडचा धडा

गावातली बाई आरोग्याचं काम करू शकते हे महाराष्ट्राला फार आधी जामखेडनं दाखवलं. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पति-पत्नींनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. दुष्काळी मुलूख, डॉक्टर खेड्यात राहायला तयार नाहीत. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. निवडून आलेल्या बायांत पुष्कळ निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या होत्या. त्यांना शिकवताना रोगांच्या माहितीइतकंच महत्त्व त्यांच्या आत्मविश्वासाला दिलं गेलं. पुढं याच बायांनी बाळंतपणं सांभाळली, जुलाबात मुलांना मीठ-साखरेचं पाणी देऊन वाचवलं, कुष्ठरोग्यांना जवळ केलं, महिला मंडळं उभी केली. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले.

यातला आपल्या विषयाचा धडा असा. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसासमोर बाई जे बोलत नाही, ते गावातल्या बाईसमोर बोलते. कारण ती पण सासरी नांदलेली असते, तिनं पण पाणी वाहिलेलं असतं, तिला पण सासू असते.

मनासाठीही तेच चालतं का?

ताप, जुलाब, लसीकरण ठीक आहे, पण मनाच्या आजाराला मानसोपचार तज्ज्ञच लागतो, असं पुष्कळांना वाटतं. डॉक्टर मंडळींनाही वाटत होतं. म्हणून ते करून पाहण्यात आलं.

विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांना ताण आणि नैराश्य म्हणजे काय ते समजावलं, अडचणीतल्या माणसांना पहिला आधार दिला, त्यापुढं समुपदेशक आणि गरज पडली तर डॉक्टर. आधी नैराश्य असलेल्या दर १०० माणसांत मदत घेणारी जेमतेम ४ होती. अठरा महिन्यांच्या कामानंतर ती २७ झाली. वर्षभरात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येऊन गेलेली माणसं शेकड्याला ५ होती, ती अडीचवर आली. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कापसाच्या मुलखातलं हे काम स्त्री-पुरुष दोघांसाठी होतं.

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ या आदिवासी तालुक्यात २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत 'आत्मीयता' प्रकल्प चालला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्रानं तो चालवला. गावातलेच स्वयंसेवक तयार केले. काहींनी फक्त हेरायचं, की कुणाच्या घरात कोण खचलंय. आणि थोडं अधिक शिकलेल्यांनी त्या व्यक्तीला चार ते सहा वेळा भेटून बोलायचं. रेशनकार्ड, पेन्शन, सरकारी योजना अशा अडलेल्या कामांतही हात द्यायचा. हे मला फार पटलं. विधवेची पेन्शन अडली असेल तर तिला नुसतं 'काळजी करू नका' सांगून काय उपयोग? पुढं हेच काम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात सहाशेहून अधिक गावांत झालं, आणि त्याचा गुण मोजला गेला.

गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली चाचणी २०१७ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामवंत साप्ताहिकात आली. तीव्र नैराश्याच्या ४९५ रोग्यांपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी मिळाल्या. तीन महिन्यांनी भेटी मिळालेल्यांतले १०० पैकी ६४ जण आजारातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांतले ३९.

बाहेरचं उदाहरण घ्यायचं तर पाकिस्तानातल्या रावळपिंडीजवळच्या खेड्यांतलं घ्या. तिथल्या सरकारी 'लेडी हेल्थ वर्कर' आपल्या आशाताईंसारख्याच. गरोदरपणात नैराश्य आलेल्या बायांच्या घरी त्या बाळंतपणाआधीपासून जाऊ लागल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्याकडच्या १०० पैकी २३ आया आजारी उरल्या होत्या. असं शिक्षण न घेतलेल्या कार्यकर्त्यांकडच्या १०० पैकी ५३. हे २००८ साली प्रसिद्ध झालं. आफ्रिकेत झिंबाब्वे देशात तर दवाखान्याच्या आवारात बाकावर आजीबाई बसतात, आणि खचलेली माणसं त्यांच्याशेजारी येऊन बोलतात. २००६ साली सुरू झालेल्या या कामाचा गुणही चाचणीत सिद्ध झाला आहे. आपल्याकडं आजीबाईंची काय वाण आहे?

ऐकणं हेही काम आहे

'नुसतं ऐकून काय होतं?' असं एका सभासदानं मला विचारलं. प्रश्न रास्त आहे. ऐकण्याची रीत असते, ती शिकावी लागते.

पहिलं म्हणजे बसायची जागा. सासू ओट्यावर आणि नवरा दारात असताना बाई बोलत नाही. म्हणून गोठ्यात, बांधावर, धुण्याच्या दगडापाशी, जिथं तिला मोकळं वाटेल तिथं बसायचं. दुसरं, उपदेश करायचा नाही. 'तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले' हे वाक्य तर उच्चारायचंच नाही. ती बोलेल ते ऐकायचं, आणि आपल्याला काय समजलं ते तिला परत सांगून खात्री करून घ्यायची. तिसरं, मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारायचं. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो अशी समजूत आहे, ती चुकीची आहे. विचारल्यावर उलट बाईला हायसं वाटतं. चौथं, ऐकलेलं गावात पसरवायचं नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र तिला सांगूनच घरच्या विश्वासाच्या माणसाला आणि डॉक्टरला कळवायचं.

नंतर खरी मेहनत असते. खचलेलं माणूस हळूहळू सगळं सोडत जातं आणि सोडल्यामुळं आणखी खचतं. म्हणून एक लहानसं काम ठरवायचं. आठवड्यातून एकदा बचत गटाला जायचं, भावाला फोन करायचा, परड्यात चार भाज्या लावायच्या. पुढच्या भेटीत विचारायचं, झालं का? झालं तर पुढचं पाऊल, नाही झालं तर काय अडलं ते बघायचं. मोठी अडचण असेल तर तिचे तुकडे पाडून एकेक सोडवायचा. आपण पाचट एकदम उचलत नाही, मोळ्या बांधून नेतो, तसंच. यात जादू काही नाही. नियमानं परत जावं लागतं, एवढंच.

आपल्या भागातली हकीकत

नाव-गाव न सांगता एक हकीकत लिहितो. त्या घराच्या संमतीनं लिहितो.

एका गटातल्या सभासदाची सून. दोन लेकरं, धाकटं आठ महिन्यांचं. दुसऱ्या बाळंतपणापासून तिचं डोकं आणि पाठ दुखायची. तीन दवाखाने झाले, एक देवऋषी झाला. दूध काढता काढता ती मध्येच थांबून बसायची. सासू म्हणायची, कामचुकार आहे. आशाताई बाळाच्या डोसाची आठवण द्यायला वस्तीवर गेल्या. बाळाचं विचारून झाल्यावर त्यांनी आईचं विचारलं, 'तू कशी आहेस?' बाई रडायला लागली, ती अर्धा तास रडली. मग म्हणाली, 'रात्री झोपल्यावर सकाळी उठूच नये असं वाटतं.'

आशाताई तशाच निघून गेल्या नाहीत. तिच्या परवानगीनं त्यांनी सासूला बाजूला घेतलं. 'तुमची सून आळशी नाही, आजारी आहे. काविळीत कुणी पिवळं पडलं तर आपण त्याला रागावतो का?' असं विचारलं. नवऱ्याला घरातली औषधांची खोली कुलूपबंद करायला लावली. दुसऱ्या दिवशी स्वतः बरोबर जाऊन ग्रामीण रुग्णालयात दाखवलं, तिथून जिल्हा रुग्णालयात. गोळ्या सुरू झाल्या. पुढं दोन महिने आशाताई दर आठवड्याला जात राहिल्या, त्या कामाचे पैसे मिळत नसताना.

आज ती बाई सकाळचं दूध स्वतः डेअरीवर घालते. हा डेअरीचा फेरा सासूनंच तिला दिला, म्हणजे चार माणसं भेटतील. सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मध्ये एकदा तिनं आपल्या मनानं गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा बिघडलं होतं. पण आता घरात कुणी सोंग म्हणत नाही. ती उठली नाही तर सासू चहा घेऊन उशाशी जाते.

आशाताईंनाही संसार आहे

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा नेमल्या गेल्या. साधारण हजार वस्तीला एक, त्याच गावची, शक्यतो लग्न झालेली, विधवा किंवा परित्यक्ता. बाळंतपण, लसीकरण, क्षयरोग, सर्वेक्षणं, नोंदवह्या, आता मोबाईलमधल्या नोंदी. कोरोनाच्या साथीत आपण दारं लावून बसलो तेव्हा या बाया दारोदार फिरत होत्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आणि इकडं मानधनासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ आणि २०२३ साली संपावर जावं लागलं. त्या पगारी नोकर नाहीत, कामावर मोबदला असं त्यांचं गणित आहे. त्यात मनाच्या आजाराचं कामही त्यांच्या पदरात टाकायचं, तर त्याचं शिक्षण, त्याचा मोबदला आणि त्यांना स्वतःला मोकळं होण्याची जागा, ही तिन्ही द्यायला हवीत. दिवसभर दहा घरांची दुःखं ऐकणारी बाई रात्री कुणापाशी बोलणार?

आणखी एक. आशाताई डॉक्टर नव्हेत. भास होणं, असंबद्ध बोलणं, जिवावर उठणं, बाळंतपणानंतर एकदम वेगळं वागायला लागणं, असं काही दिसलं तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावं. आणि नवरा दारू पिऊन मारत असेल तर फक्त बायकोला समुपदेशन देऊन भागणार नाही. मारहाण थांबली पाहिजे. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे.

फडातल्या कोप्यांनाही विसरू नका

आपल्याच उसाच्या फडाशेजारी हंगामात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. त्यांतल्या बाया पहाटे कोयता घेऊन निघतात, मोळ्या वाहतात, आणि परत येऊन चूल पेटवतात. त्या ना धड त्यांच्या गावच्या यादीत राहतात, ना आपल्या. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांवर स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली निघाली. दुखण्यानं खाडा पडू नये, उचल फिटावी, ही त्यामागची चिंता. अशा बाईच्या मनावर काय ओझं असेल, ते वेगळं सांगायला नको. टोळी आली की गावच्या आशाताईंना कोप्यांवर घेऊन जाण्याचं काम आमच्या गटातले चिटबॉय आणि फडमालक मिळून सहज करू शकतील.

सभासदांनी काय करावं

१. आशाताई वस्तीवर आल्या की त्यांना ओसरीवरून परत पाठवू नका. घरातल्या सुनेशी, लेकीशी एकांतात बोलू द्या. 'काय बोलत होता?' असं नंतर खोदून विचारू नका.

२. फवारणीची औषधं आणि तणनाशकं घरात, माळ्यावर, गोठ्यात उघडी ठेवू नका. लोखंडी पेटीत, कुलपात ठेवा, किल्ली एकाच माणसाकडं. शेतकी खात्याचा माणूस म्हणून हे मी आग्रहानं सांगतो. अघटित घडतं ते पुष्कळदा रागाच्या आणि निराशेच्या काही क्षणांत, आणि तेवढा वेळ टळला की माणूस वाचतो. श्रीलंकेत १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी येत गेली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. औषध हाताशी नसणं हाच केवढा बचाव आहे, ते यावरून कळतं.

३. '१४४१६' हा टेली-मानसचा सरकारी दूरध्वनी क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे. रात्री-अपरात्री, फुकट, मराठीत बोलता येतं. स्त्री-पुरुष कुणीही बोलावं.

४. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला तर 'पोलीस केस होईल' या भीतीनं लपवू नका, ताबडतोब दवाखान्यात न्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आहे, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यायचे आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाचं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही.

५. वस्तीवरच्या बायांना एकत्र यायला निमित्त द्या. बचत गट असो, भजन असो, डेअरीचा फेरा असो. तिला गावात जायला गाडी द्या, नाहीतर शिकवा. हा खर्च धरू नका.

६. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली सून परत आली की पहिले सहा महिने तिच्या झोपेकडं आणि जेवणाकडं लक्ष ठेवा. तो काळ नाजूक असतो.

७. ग्रामसभेत आशाताईंच्या कामाचा विषय घ्या. त्यांना बसायला जागा, फिरायला सोय आणि गावाचा मान मिळतो का ते बघा.

बंधूंनो, आपण माती परीक्षण करतो, पान-देठाचं परीक्षण करतो, उसाची रिकव्हरी दशांशात काढतो. घरातल्या माणसाचं परीक्षण करायला प्रयोगशाळा लागत नाही. 'तू कशी आहेस?' एवढंच विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. ज्यांच्याकडून हे होत नसेल त्यांनी निदान विचारायला आलेल्या बाईची वाट अडवू नये.

या विषयावर कुणा सभासद भगिनीला काही सुचवायचं असेल तर गट कार्यालयात कळवावं. पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन आणि हुमणी नियंत्रण यावर लिहीन.



आपला,
ऊस विकास अधिकारी